मांडवावरची मासळी : आफ्रिकेतल्या सरोवराकाठची रीत, नागपूरच्या तलावावर

व्हिक्टोरिया सरोवरात बोटभर लांबीचा चंदेरी मासा मिळतो. टांझानियात त्याला डगा म्हणतात, केनियात ओमेना, युगांडात मुकेने. सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपला नागपूर जिल्हा त्यात जवळपास सात वेळा मावेल. अंधाऱ्या रात्री पाण्यावर दिवे लावायचे, उजेडाला मासा गोळा झाला की जाळे ओढायचे आणि पहाटे काठावर आणायचे. बर्फ परवडत नाही, त्यामुळे मासळी वाळवावीच लागते. दक्षिणेला मालावी सरोवरावर उसिपा नावाच्या बारीक माशाचे असेच चालते.

हा मासा पूर्वीपासून काठच्या वाळूवर पसरतात, आजही बराच माल तसाच वाळतो. वाळू चिकटलेला, अर्धवट सुकलेला माल कोंबड्यांच्या खाद्यात जातो. तोच मासा कमरेइतक्या उंच मांडवावर जाळीत वाळवला की माणसांच्या ताटात जातो आणि भावही चांगला मिळतो. मासा एकच, फरक त्याच्याखालून वारा गेला की नाही एवढ्याचाच.

नागपूरकडे हे सहज जमण्यासारखे आहे. रामटेकचा खिंडसी, उमरेडकडचा मकरधोकडा, भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, सगळीकडे मोठ्या माशाबरोबर बारीक मासळी आणि झिंगे जाळ्यात येतात. मोठा मासा ताजा विकला जातो. बारीक माल दुपारपर्यंत टोपल्यात मऊ पडतो आणि मिळेल त्या भावात द्यावा लागतो. खाली जे दिले आहे ते त्या मालासाठी. तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा मासळी त्यांच्याकडूनच घ्या किंवा त्यांना विचारून धरा.

महिना कोणता

मालावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. म्हणजे तिकडचे वाळवणाचे दिवस ते आपले पावसाळ्याचे दिवस, त्यांचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही. नागपुरात दोन हंगाम धरा. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत हवा कोरडी, ऊन सोसवणारे, आणि पाणी उतरत असल्याने मासळीही भरपूर. हा सगळ्यात चांगला हंगाम. दुसरा फेब्रुवारी ते मे. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट अचानक येते, म्हणून ताडपत्री मांडवाशेजारीच बांधून ठेवा. मे महिन्यात माल झपाट्याने वाळतो असे वाटते. तिथेच फसगत होते, ती पुढे सांगितली आहे. पावसाळ्यात उन्हावर वाळवण करूच नका.

मांडव

वीस फूट लांब, चार फूट रुंद. रुंदी याहून वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात घातला तर मधल्या माशापर्यंत पोहोचला पाहिजे, नाहीतर मधला माल कोणी पालटत नाही आणि तोच कुजतो.

सामान असे लागते. पायांसाठी पाच फुटांचे दहा बांबू. ते दर पाच फुटांवर जोडीने रोवायचे, दीड फूट जमिनीत, साडेतीन फूट वर. आडवे वीस फुटी तीन बांबू, दोन कडांना आणि एक मधोमध. मधला बांबू कटाक्षाने घाला. तो नसला की ओल्या माशाच्या वजनाने जाळीला झोळ येतो, झोळात मासा एकावर एक साचतो आणि खालचा थर वाळतच नाही. त्यावर दर फुटाला एक कामटी, साडेचार फुटांची, अशा एकवीस. कामट्यांच्या धारा विळ्याने घासून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात जाळी फाटते. बांधायला नायलॉनची दोरी. सुतळी मिठाच्या पाण्याने लवकर सडते.

वर नायलॉनची जाळी, भोक तीन ते पाच मिलिमीटर, ताणून बांधलेली. मालावीत काठचे बोरू विणून चटई करतात. आपल्याकडे तुराट्यांची ताटी सुचते, पण तिचे तूस माशाला चिकटते. बेशरमच्या काड्या तर तलावाकाठी फुकट मिळतात म्हणून कोणी वापरू नका. झाड विषारी आहे, आणि काडी महिन्याभरात पिचते.

माश्या येऊ नयेत म्हणून सगळ्यावरून बारीक मच्छरजाळी. कामट्या कमानीसारख्या वाकवून ती फूटभर उंच धरा. जाळी माशाला टेकली तर माशी बाहेर बसून भोकातून अंडी घालते, मग जाळी असून नसल्यासारखी. इथे एक इशारा: आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या मच्छरदाण्या बहुधा कीटकनाशक मुरवलेल्या असतात. त्या मासळीच्या खाली किंवा वर कधीही घालू नका. दुकानातून साधी, औषध नसलेली जाळी मीटरवर घ्या. मच्छरदाणीने मासे धरायचा उद्योगही आफ्रिकेच्या सरोवरांवर डोकेदुखी झाला आहे. इतक्या बारीक भोकातून बोटुकलीही सुटत नाही, आणि पुढच्या वर्षी जाळे रिकामे येते.

जागा तलावाच्या पाळीवर, उंचावर. गोठ्यापासून आणि उकिरड्यापासून लांब, धुळीच्या रस्त्यापासूनही लांब. वाऱ्याची दिशा उदबत्ती लावून बघा: वारा जिकडून येतो तिकडे मांडवाची लांब बाजू आडवी ठेवा. म्हणजे वाऱ्याला चार फूटच ओलांडावे लागतात. अरुंद बाजू वाऱ्याकडे केली तर पलीकडच्या टोकापर्यंत तो वीस फूट ओलावा गोळा करतच जातो.

सकाळचे काम

जाळे संध्याकाळी टाका, उजाडता काढा आणि सातपर्यंत मासळी धुण्याच्या गंजात आली पाहिजे. एप्रिलमध्ये चाळीस अंशांत दोन-तीन तास टोपल्यात राहिलेला मासा वाळवून सुधारत नाही, कुजलेलाच वाळतो. उशीर होणार असेल तर मासळीइतकाच बर्फ घाला, थरावर थर.

आधी निवड. चार इंचांपर्यंतचा मासा अख्खा वाळतो. त्याहून मोठ्याचे पोट चिरून आतडी काढा. अर्ध्या फुटाच्या वरचा असेल तर पाठीकडून चीर देऊन पुस्तकासारखा उघडा. पोटाकडून उघडला तर पाठीचे जाड मांस तसेच राहते आणि ओल तिथेच दडते. मरळ, शिंगूर असे जाड मासे या कामाला घेऊच नका. झिंगे वेगळे काढा, ते लवकर वाळतात आणि भावही निराळा.

धुणे तीन पाण्यांत, आणि पाणी बोअरचे किंवा नळाचे. काठचे पाणी वापरायचा मोह होतो, तिथेच गुरे बसलेली असतात. तिसरे पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा. रक्त आणि चिकट बुळबुळ राहिली की माशी आलीच.

मग मिठाचे पाणी. दहा लिटर पाण्यात एक किलो खडे मीठ, पूर्ण विरघळवून. एक किलो मासळीला एक लिटर पाणी. बारीक मासळी दहा ते पंधरा मिनिटे, चिरलेली अर्धा तास. हे पाणी दोनदा वापरा, तिसऱ्यांदा नको, कारण रक्त उतरून ते गढूळ होते आणि मीठही कमी पडते. व्हिक्टोरियाचा डगा बहुधा बिनमिठाचाच वाळवतात. नागपुरात पहिल्या दिवशी माशीचा मारा असतो, आणि मिठाने ती बरीच मागे हटते, म्हणून इथे मीठ घेतलेले बरे. वापरलेले मिठाचे पाणी शेतात ओतू नका, तलावात तर नकोच. खडी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडा.

टोपलीत दहा मिनिटे निथळू द्या, मग पसरा. एका चौरस फुटाला दोनशे ते अडीचशे ग्रॅम ओली मासळी, एकच थर. म्हणजे ऐंशी चौरस फुटांच्या मांडवावर सोळा ते वीस किलो. हाताने मोजायचे तर दोन माशांमध्ये माशाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. नवशिके इथेच चुकतात. तीस किलो आणले म्हणून तीस किलो पसरतात, आणि संध्याकाळी तिसाच्या तीस किलोला वास सुटतो.

पालटणे, आणि दुपारचे ऊन

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दर दोन तासांनी पालटा. पहिली पालटणी सगळ्यात महत्त्वाची, कारण तासाभरात कातडी जाळीला चिकटू लागते, आणि ती वाळली की मासा सोलूनच निघतो. पसरण्याआधी जाळीला गोडेतेलाचा बोळा फिरवला तर चिकटणे बरेच कमी होते.

आता मे महिन्याची गोष्ट. बाहेर त्रेचाळीस अंश, हवा कोरडी ठणठणीत. माशाचे वरचे कातडे दोन तासांत कडक होते आणि आतले पाणी कोंडते. हाताला मासा खडखडीत लागतो, गोणीत भरला की चार दिवसांत पाठीच्या कण्याजवळ लाल-तपकिरी होऊन वास मारतो. म्हणून मार्चच्या शेवटापासून अकरा ते साडेतीन या वेळात मांडवावर हिरवी शेडनेट ओढा, माशापासून किमान दोन फूट वर. काम वाऱ्याचे आहे, ऊन त्याला मदत करते इतकेच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर सगळे वाळवण सावलीतच होऊ द्या.

संध्याकाळी पाचला माल गोळा करा. रात्रभर मांडवावर ठेवला तर दवाने दिवसाचे निम्मे काम वाया जाते, आणि हिवाळ्यात तलावाकाठी दव जास्तच पडते. गोळा केलेला माल स्वच्छ सुती कापडात ढीग करून टोपलीत ठेवा, वर फळी आणि पाच-सहा किलोंचा दगड. रात्रीत आतली ओल बाहेरच्या कोरड्या भागात पसरते, सकाळी मासा थोडा मऊ लागतो. ते बिघडल्याचे लक्षण नाही. दुसऱ्या दिवशीचे ऊन ती ओल काढते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार इंचांच्या आतल्या मासळीला दोन ते तीन दिवस लागतात, एप्रिल-मेमध्ये दीड दिवस. झिंगे त्याहून अर्धा दिवस आधी होतात. चिरलेल्या मोठ्या माशाला तीन-चार दिवस धरा.

झाले की नाही, हे वजनाने ठरवा

हाताने दाबून सांगणारे अनुभवी लोक आहेत, पण काट्याइतके खरे कोणी बोलत नाही. ताज्या बारीक मासळीत साधारण ७८ टक्के पाणी असते. म्हणजे १० किलोत ७.८ किलो पाणी आणि २.२ किलो ऐवज. बुरशी धरू नये म्हणून ओल १५ टक्क्यांपर्यंत खाली आली पाहिजे. २.२ किलो ऐवज हा ८५ टक्के, तर एकूण वजन २.६ किलोच्या आसपास. मिठाच्या पाण्यातून काढलेला माल असेल तर शोषलेले मीठ धरून पावणेतीन ते २.८ किलो.

करायचे एवढेच. रोज पसरताना एक किलो ओली मासळी वेगळी तोला आणि मांडवाच्या मधल्या भागात चौकोन आखून तिथे पसरा. कडेला नको, कडा लवकर वाळते. मिठातला तो किलो पावणेतीनशे-२८० ग्रॅमवर आला की उतरवा. ३२० ग्रॅमवरच उतरवला तर ओल सव्वीस टक्क्यांजवळ असते, आठवड्याभरात पांढरी बुरशी दिसते. आतडी काढलेल्या माशाचे वजन आतडी काढल्यानंतरचे धरा.

जोडीला दोन सोप्या कसोट्या. डोके मोडले की टचकन आवाज येऊन तुटले पाहिजे, वाकले तर परत मांडवावर. दुसरी, मूठभर माल काचेच्या बरणीत घट्ट झाकून तासभर उन्हात ठेवा. झाकणाच्या आत वाफ जमली तर अजून एक दिवस.

काय बिघडते आणि का

पांढऱ्या अळ्या पहिल्याच दिवशी दिसल्या तर निळी-हिरवी माशी कल्ल्यांत आणि तोंडात अंडी घालून गेली. कारण बहुधा सकाळचे पहिले दोन तास: मासा ओला, आणि जाळी अजून लावायचीच आहे. आधी जाळी, मग मासळी. महिन्या-दोन महिन्यांनी गोणीत केसाळ तपकिरी अळी आणि खाली भुसा दिसला तर ती वेगळी कीड, सुक्या मालावरच्या भुंगेऱ्याची. ती उघड्या पोत्यातून आणि आधीच्या मालाच्या भुशातून येते. माल पुन्हा कडक उन्हात द्या, चाळा, आणि डीप फ्रीझर असेल तर घट्ट पिशवीत तीन दिवस ठेवा, त्यात अंडीही मरतात. कोणतेही कीटकनाशक शिंपडू नका, घरगुती स्प्रेसुद्धा नाही. सुका मासा ते शोषून घेतो आणि धुऊन ते जात नाही. कडुलिंबाचा पाला घालायची पद्धत आहे, घाला हवे तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पिवळट होऊन कडवट वास आला तर तेल खवटले. चरबीच्या माशात हे लवकर होते. त्याला ओल कारण नसते, उजेड आणि हवा असते. काळ्या किंवा गडद पिशवीत, हवा दाबून काढून भरा.

साठवण चुंगडीत नको, ज्यूटची गोणी पावसाळ्यात ओल ओढते. जाड प्लास्टिकची पिशवी, ती झाकणाच्या ड्रममध्ये, ड्रम विटांवर. माल उन्हातून आणल्या आणल्या भरू नका, पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर पिशवीत घाम सुटतो. जूनआधी सगळा माल एकदा पुन्हा उन्हात देऊन सीलबंद करा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर ड्रम उघडझाप जितकी कमी तितकी बरी. मोठ्या ड्रममधून रोज काढण्याऐवजी अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या केव्हाही सोयीच्या. विकायचे असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी करा.

पाणी उतरले तिथे

आतडी, खवले, डोकी यांचा ढीग पाळीवर टाकला की कुत्री आणि माश्या दोन्ही येतात. त्याची जागा गाळपेरात, म्हणजे तलावाचे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातल्या पेऱ्यात आहे. मालावीत ओलीच्या सखल जमिनीवरच्या बागेला दिंबा म्हणतात. पाऊस संपला की उरलेल्या ओलीवर तिथे मका, भाजी घेतात. त्याच देशातले चिल्वा सरोवर तर इतके उथळ की १९९५ मध्ये पूर्ण आटले होते. काठचे लोक कधी जाळे धरतात, कधी कुदळ. आपले गाळपेर आणि नदीतली डांगरवाडी याच जातीची.

माशाचा कचरा कच्चा घालू नका, मुळे जळतात. एक टोपले कचऱ्याला तीन टोपली तणस किंवा वाळलेली जलकुंभी, थरावर थर, दीड फूट मातीखाली. दोन महिन्यांत खत होते. जलकुंभी पाण्याबाहेर काढून पूर्ण करपल्यावरच घ्या आणि एका तलावाची दुसऱ्या तलावाकडे नेऊ नका. व्हिक्टोरियावर या वनस्पतीने बंदरेच्या बंदरे अडवली आहेत.

जमीन पेरणीला आली का ते टाचेने बघा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर थांबा, नुसता टाचेचा ठसा उमटला तर पेरा. हरभरा नोव्हेंबरात, फार तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, दोन ओळींत एक फूट अंतर. लाखोळी आणि जवसही चालतात. डांगर-टरबुजासाठी जानेवारी-फेब्रुवारीत दीड फूट खोल आळी, सहा फुटांवर ओळ आणि तीन फुटांवर आळे, प्रत्येक आळ्यात दोन ओंजळी हे खत मातीत मिसळून. हरभऱ्यावर अळी आली की लोक सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारतात. गाळपेरात ते मारू नका. पिकापासून पाणी चार पावलांवर असते, आणि हे औषध मासा आणि झिंगा दोघांनाही अगदी थोड्या मात्रेत मारते. निंबोळी अर्क, पक्षिथांबे आणि हाताने अळ्या वेचणे एवढ्यावर भागवा. पीक थोडे कमी येईल, पण मांडवावर पसरायला मासळी राहील.

घरी खायचा माल कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटे परता, गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून चोळून धुवा. मालावीत तो कांदा-टोमॅटोत शिजवून मक्याच्या घट्ट न्सिमासोबत खातात. आपल्याकडे वांग्यात घाला, भाकरीसोबत. बारीक मासळी काट्यासकट खायची, कॅल्शियम त्या काट्यांतच असते.